ज्याच्याशी बोलता येतं तो शहाणा

जानेवारी-फेब्रुवारीत गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभा होतात. तूर काढायला आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी चालू असते, तरी लोक वेळ काढून येतात, कारण त्या दिवशी मंडळीचा कारभार पाहणारे पंच निवडायचे असतात. नावं सुचवली जातात तेव्हा कानावर पडणारी कारणं ठरलेली असतात. "भाऊले कोर्टाचं सारं समजते." "दादाची वरपर्यंत ओळख हाय." "गुरुजी बोलाले लागले का समोरचा गप." विदर्भातल्या खेड्यापाड्यांतली ख्रिस्ती मंडळी आपले शहाणे अशा गुणांवर निवडत आली आहे, आणि तिच्या निम्म्याअधिक भांडणांचं मूळ या निवडीतच आहे असं माझं मत आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात देवाकडून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणं सांगितली आहेत. ती आपण मुलांकडून पाठ करून घेतो, नाताळच्या स्पर्धेत त्यांवर बक्षिसं देतो. पंच निवडताना मात्र ती कोणाला आठवत नाहीत. ती तिथेच वापरली पाहिजेत, हे मला मांडायचं आहे.

याकोब ही यादी कुठे देतो ते आधी पाहू. पत्राचा तिसरा अध्याय सुरूच होतो तो, तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, या इशाऱ्याने. मग जिभेचा विषय येतो. मग तो विचारतो, तुमच्यात ज्ञानी व समंजस कोण आहे? त्याने ते आपल्या वागण्यातून, सौम्यपणातून दाखवावं. मनात मत्सर आणि तट पाडायची वृत्ती असेल तर ते ज्ञान वरून आलेलं नव्हे, ते ऐहिक आहे, सैतानाकडचं आहे. इतकं रोखठोक बोलून झाल्यावर यादी येते. वरून येणारं ज्ञान मुळात शुद्ध असतं, शिवाय शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दया व सत्फलांनी भरलेलं, अपक्षपाती, निर्दंभ. तेव्हा ही यादी भांडण चाललेल्या मंडळीला लिहिलेली आहे. एकांतात बसून चिंतन करणाऱ्यासाठी ती असती तर तिच्यात पाठांतर आलं असतं, उपास आला असता, दृष्टांत आले असते. यातलं काहीच तिच्यात नाही. जे आहे ते सगळं दुसऱ्या माणसाशी वागतानाच दिसणारं आहे.

शास्त्राची माहिती आपल्याकडे कधी कमी पडली नाही. १८४०च्या दशकात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले. पुढे वऱ्हाडात अलायन्स मिशनचे मिशनरी आले, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशनचे. शाळा, दवाखाने, वसतिगृहं उभी राहिली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली. आजची कितीतरी ख्रिस्ती घरं त्या मुलांपासूनच चालत आलेली आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळात होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं देशभरातले विद्यार्थी ईश्वरविद्या शिकायला आपल्या जिल्ह्यात येत होते. बायबल शिकलेला माणूस इथे दुर्मिळ नव्हता आणि आजही नाही. पण एखाद्या तालुक्याच्या गावी मिशनच्या आवारात जाऊन पाहा. चर्चच्या दाराला दोन कुलुपं दिसतील, एक या गटाचं, एक त्या गटाचं. रविवारी दोन्ही किल्ल्या एका वेळी आल्या तर उपासना, नाहीतर कडुनिंबाखाली सतरंजी.

ही भांडणं बहुतेक वेळा जमिनीची असतात, आणि त्यामागे काही फार गूढ नाही. मिशनरींनी आवार घेतलं तेव्हा ते गावाबाहेर होतं, कोणाला नको असलेलं. मिशनरी परत गेले, मालमत्ता ट्रस्टच्या नावावर झाल्या, गाव वाढलं, बायपास आला, आणि ज्या माळावर कधी वसतिगृहाच्या मुली जळण वेचायच्या तिथल्या फुटाला भाव आला. ट्रस्टच्या स्थावर मालमत्तेची विक्री करायची तर धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. परवानगी मागायची तर विश्वस्त कोण हे आधी ठरलं पाहिजे. विश्वस्त कोण, यावरूनच तर वाद. निवडणूक झाली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट'च म्हणतात. त्यावर दुसरा गट हरकत घेतो. मग चौकशी, तारखा, निकाल, अपील, जिल्हा न्यायालय, शेवटी नागपूर खंडपीठ. मधल्या काळात आणखी दोन निवडणुका होऊन जातात, त्यांचे बदल अर्जही रांगेत लागतात. ज्यांनी पहिली हरकत घेतली होती त्यांच्यातले काही जण दफनभूमीत जातात, आणि त्यांच्या जागी त्यांची मुलं वारस म्हणून भांडायला उभी राहतात.

कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. हा कायदा नसता तर निम्मी आवारं कधीच प्लॉट पाडून विकली गेली असती. प्रश्न असा आहे की तीस-चाळीस घरांच्या मंडळीला, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाचा कुठून ना कुठून सोयरा आहे, तारखेला जायला आणि वकील करायला पैसा आणि उत्साह मिळतो, पण एका खोलीत बसून बोलायला माणूस मिळत नाही. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौलाने नेमकं हेच विचारलं होतं. भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? प्रश्न टोचणारा आहे, कारण करिंथकर स्वतःला फार ज्ञानी समजत. आपणही समजतो.

आता यादीतल्या त्या एका लक्षणाकडे येतो ज्यावर मी आजवर एकही प्रवचन ऐकलेलं नाही. शुद्धतेवर ऐकलं, दयेवर तर पुष्कळ. पण समजूत होण्याजोगं असणं हा देवाच्या ज्ञानाचा गुण आहे हे आपल्या पुलपिटावरून सांगितलं जात नाही. का, ते उघड आहे. गावाकडे शब्दावर ठाम राहणं हीच इभ्रत. 'भाऊनं एकदा नाही म्हटलं म्हणजे नाही' हे कौतुकाने सांगितलं जातं. दुसऱ्याचं ऐकून मत बदलणाऱ्याला लोक लेचापेचा म्हणतात, बायकोच्या ऐकण्यातला म्हणतात, आणि पुढच्या निवडणुकीत पाडतात.

बायकोच्या ऐकण्याचं निघालंच आहे तर अबीगईलची गोष्ट घेऊ. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचा पंचविसावा अध्याय गावातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तिचा नवरा नाबाल मोठा मालदार, हजारो मेंढरं, लोकर कातरायचे दिवस, घरात मेजवानी. दावीद तेव्हा रानावनात फिरणारा, पदरी सहाशे माणसं, पोटाची भ्रांत. त्याने नाबालाच्या मेंढपाळांची राखण केलेली, म्हणून सणाच्या दिवशी माणसं पाठवून काहीतरी मागितलं. नाबालाने अपमान करून परत पाठवलं. दावीद चारशे माणसांना तलवारी बांधायला लावून निघाला, सकाळपर्यंत त्या घरचा एक पुरुष जिवंत ठेवणार नाही अशी शपथ घेऊन. इथे घरचा एक गडी अबीगईलकडे धावत येतो आणि नवऱ्याबद्दल सांगतो की ते असे दुष्ट आहेत की त्यांच्याशी कोणाला बोलताच येत नाही.

या वाक्यावर मी बराच काळ थांबलो आहे. नाबाल मूर्ख कशामुळे ठरतो? त्याला व्यवहार कळत नव्हता असं नाही, तीन हजार मेंढरं सांभाळणारा माणूस होता. त्याच्या घरातल्या गड्याला धोका दिसत होता, बायकोला दिसत होता, पण सांगायची सोय नव्हती. अबीगईल दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरं, भाजलेलं धान्य, मनुकांचे घड, अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादून नवऱ्याला न कळवता निघाली, आणि डोंगराच्या आडोशाला दाविदासमोर उतरून बोलली. ती जे बोलली तेही पाहण्यासारखं आहे. तू चुकलास असं ती म्हणत नाही. उद्या तू राजा होशील तेव्हा आजचा हा रक्तपात तुझ्या मनाला टोचू नये, असं म्हणते. आणि दावीद, चारशे हत्यारबंद माणसांसमोर, शपथ घेऊन निघालेला दावीद, थांबतो. तुझी समज धन्य, म्हणतो, आणि परत फिरतो. मागे उभ्या असलेल्या चारशे जणांना तेव्हा काय वाटलं असेल? आपल्याकडे असतं तर त्यातल्या चाळीसांनी तरी गावात जाऊन सांगितलं असतं की बाईनं दोन गोड शब्द बोलले अन् नेता पाघळला.

दाविदाचं ऐकणं आणि नाबालाचं न ऐकणं एका अध्यायात शेजारी ठेवलेलं आहे. तलवार ज्याच्या हातात होती त्याच्याशी बोलता आलं, तिजोरी ज्याच्या हातात होती त्याच्याशी नाही. पंच निवडताना मला हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. या माणसाच्या घरची सून, शेतावरचा सालदार, मंडळीतला सगळ्यांत गरीब माणूस त्याला तोंडावर सांगू शकतो का, की भाऊ, हे बरोबर नाही? सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी त्या माणसाचं काय होतं? एखाद्याचं बायबल किती वाचून झालं यापेक्षा हे लवकर कळतं, आणि गावात ते सगळ्यांना ठाऊकच असतं. जाता जाता आणखी एक. अबीगईलकडे गड्याने धाव घेतली, कारण घरात ऐकून घेणारी तीच होती. आपल्या मंडळ्यांत उपासनेला निम्म्याहून अधिक बायका, आणि पंचांच्या यादीत शोधून एखादं नाव.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. "असं सगळ्याइचं ऐकत बसलं तं कोनीबी येईन अन् टपली मारून जाईन." वकील सांगतात ते वेगळ्या भाषेत पण हेच, की नमतं घेतलं तर केस पडते. आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचं उत्तर याकोबाच्या क्रमातच आहे. तो शुद्धता आधी ठेवतो. शांती, सौम्यता, समजूत या सगळ्या नंतर येतात. जे खोटं आहे त्यावर समजूत घालून घ्यायची नसते. वर्गणीचा हिशेब दडवलेला असेल, मिशनच्या शाळेत नोकरी लावतो म्हणून कोणी पैसे घेतले असतील, वसतिगृहातल्या मुलीला कोणी त्रास दिला असेल, तर 'मंडळीची बदनामी नको, आपसात मिटवू' म्हणणारा माणूस शांतिप्रिय नसतो. तो फक्त गप्प बसवणारा असतो. गुन्हा पोलिसांकडेच गेला पाहिजे आणि लगेच गेला पाहिजे. करिंथकरांना पौल घरी सोडवायला सांगतो ते रोजच्या व्यवहारातले वाद, एकमेकांना लुबाडण्या-फसवण्याचे. मुलीवरच्या अत्याचारावर पांघरूण घालायला त्या अध्यायाचा आधार घेणं म्हणजे शास्त्राची विटंबना आहे, आणि ती करणारे पाळक व पंच आपल्याकडे झालेले आहेत.

शुद्ध आणि अपक्षपाती या दोन गोष्टी एकत्र कशा दिसतात यासाठी मला वर्ध्याकडे पाहावंसं वाटतं. जे. सी. कुमारप्पा मूळचे तमिळ ख्रिस्ती, लंडनमध्ये हिशेबनीस झालेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. १९३४च्या शेवटी गांधींनी ग्रामोद्योग संघ काढला तेव्हा त्याचं काम कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत बसून सांभाळलं, तेलघाणीपासून हातकागदापर्यंत. त्याच वर्षी बिहारात मोठा भूकंप झाला होता आणि मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधी तिकडे आले तेव्हा त्यांच्या मंडळींचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असं कुमारप्पांनी स्पष्ट कळवलं, ही हकिकत प्रसिद्ध आहे. निधी भूकंपग्रस्तांचा होता, पाहुण्यांचा नव्हता. गांधींनीही ते मानलं. या हकिकतीत दोन माणसं आहेत, नियम सांगणारा आणि तो ऐकणारा, आणि माझ्या विषयाला दोघंही लागतात. महात्म्याचंही बिल निधीतून न फेडणारा खजिनदार आपल्या मंडळीत असता, तर नाताळात आमदारसाहेबांच्या हारांवर, मंडपावर आणि जेवणावळीवर झालेला खर्च त्याने कोणत्या खात्यात लिहिला असता? याकोबाने सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगल्या जागी बसवणाऱ्यांना आणि गरिबाला 'तू तिकडे उभा राहा' म्हणणाऱ्यांना दुसऱ्या अध्यायात झाडलं आहे. आपल्याकडे आता अंगठी पाहत नाहीत, गाडी पाहतात.

पक्षपाताचा दुसरा प्रकार बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवा. कोण कोणत्या समाजातून ख्रिस्ताकडे आलं हे दोन-तीन पिढ्यांनंतरही विसरलं गेलेलं नाही. सोयरिकीत ते पाहिलं जातं, आणि पंचांच्या जागा वाटतानाही. त्यात भर म्हणजे जुने मिशनवाले आणि नवे विश्वासी. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते ते स्वतःला घरचे समजतात. गेल्या काही वर्षांत विश्वासात आलेले कोरकू, गोंड, बंजारा कुटुंबातले लोक मागच्या सतरंजीवर. त्यांच्या भाषेतलं भजन म्हटलं तर चालतं, मतदार यादीत नाव घालायचं म्हटलं की नियम आठवतात.

पहिल्या मंडळीत हेच झालं होतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार येते की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांना त्या तक्रारीला 'ऐक्यात बाधा' म्हणता आलं असतं. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं आणि आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात जण निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटप दिलं गेलं असा याचा उघड अर्थ दिसतो. ज्ञानाने पूर्ण माणसं हवीत, ही अट धान्यवाटपासाठी घातली गेली, प्रवचनासाठी नव्हे. रेशन दुकानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला ही अट लगेच पटेल.

आणि याकोब स्वतः? प्रेषितांच्या कृत्यांच्याच पंधराव्या अध्यायात यरुशलेमेच्या सभेत अन्यजातीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचं ओझं टाकायचं की नाही यावर खूप वाद होतो. पेत्र बोलतो. बर्णबा व पौल आपले अनुभव सांगतात, सभा गप्प राहून ऐकते. याकोब सगळ्यांच्या शेवटी बोलतो, तेही पेत्राने काय सांगितलं तिथून सुरुवात करून, आणि देवाकडे वळणाऱ्यांना त्रास देऊ नये असा निर्णय मांडतो. ज्याने पुढे 'ऐकण्यास तत्पर, बोलण्यास धीमा' असं लिहिलं तो सभेत तसाच वागताना दिसतो. आमच्या सभांत अध्यक्ष सगळ्यांत आधी बोलतात आणि वेळ संपल्यावर चर्चा ठेवतात.

दंभाबद्दल सांगायला कापणीचा सण पुरे. शेतातली पहिली तूर, ज्वारीची कणसं, कोहळं, मेथीच्या जुड्या, एखादा गावरान कोंबडा वेदीसमोर मांडतात आणि उपासना संपली की मंडपात लिलाव होतो. लहान मुलांना याच्याइतकी मजा कशातच येत नाही. जुडीला शंभर, दीडशे, दोनशे, हसत-खेळत पैसे मंडळीच्या पेटीत जातात. पण दोन गट पडलेल्या मंडळीत तोच लिलाव पाहा. एका गटाच्या म्होरक्याने कोंबड्याला पाचशे म्हटलं की दुसऱ्या गटाचा हजार म्हणतो. तो दोन हजारावर जातो. मंडपातलं हसणं थांबतं. ज्याला शेवटी कोंबडा मिळतो तो खिशातून नोटा काढून सगळ्यांना दिसतील अशा मोजतो. पेटी भरली, खजिनदार खूश. मत्सर असेल तिथे अव्यवस्था, हे याकोबाचं वाक्य कधी कधी पावतीवर 'देणगी' म्हणून छापून येतं.

पुलपिटावर न दिसणारी एक परीक्षा शेतात दर हंगामात होते. वेचणीच्या बायका दिवसभर वाकून कापूस वेचतात, ऊन उतरलं की धुऱ्यावर गाठोडी आणून ठेवतात, आणि मालक काटा लावतो. मजुरी किलोवर. काटा कोणाच्या हातात आहे, तो कुठे थांबला तेव्हा वाचला, ओलीचं म्हणून किती कापलं, मातीचं म्हणून किती. बाई काही बोलत नाही, उद्याही तिला इथेच यायचं असतं. मालक मंडळीचा वडील असेल, रविवारी दानपेटी फिरवणारा असेल, तर त्याच्या ज्ञानाचा अंदाज मला तिथे लागतो. आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याकोब लिहितो की ज्या कामकऱ्यांनी तुमच्या शेतांची कापणी केली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे. दया आणि सत्फलं यांचा हिशेब तो असा किलोत मागतो. शेतकऱ्याचीही बाजू आहे हे मला माहीत आहे. कोरडवाहू जमीन, बोंडअळी, पडलेला भाव, सावकार. त्याचंही कोणी ऐकून घेत नाही. पण वरून दाबलेल्याने खालच्याला दाबावं याला ज्ञान म्हणत नाहीत, हे त्यालाही कळतं.

त्याच शेतकऱ्याच्या घरी विपरीत घडतं तेव्हा मंडळी काय करते? कर्जापायी घरचा कर्ता माणूस जीव देतो, आणि तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनेला आलेल्यांपैकी कोणीतरी विश्वास कमी पडल्याचं बोलतं, कोणी त्याच्या आत्म्याचं काय झालं असेल यावर मत देतं. विधवा भिंतीला टेकून ऐकत असते. सर्वस्व गमावलेल्या इयोबाचे तीन मित्र सात दिवस-रात्र त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढंच त्यांचं वागणं चांगलं होतं. पुढे तोंड उघडून ते जे बोलले त्यात ईश्वरविद्या भरपूर होती, आणि शेवटी देवाने त्यांनाच सांगितलं की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. सौम्य असणं म्हणजे अशा घरी गेल्यावर सातबारा कोणाच्या नावावर आहे, बँकेचं पत्र आलंय का, सरकारी मदतीचा अर्ज कोणी भरून देईल का, हे विचारणं. आशीर्वादाने कर्ज फिटतं असं तंबूत सांगणाऱ्या पाहुण्या प्रचारकांबद्दल मी इथे लिहीत नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो लिहिताना मला सौम्य राहता येईल असं वाटत नाही.

मग करायचं काय? नवीन संस्था नको, आहेत त्याच पुष्कळ. बदल अर्जावर हरकत घेण्याआधी दोन्ही गटांनी शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीतले तीन जण बोलवावेत, ज्यांची इथे सोयरीक नाही आणि ज्यांना इथल्या जमिनीत काही मिळायचं नाही. त्यांतली एक तरी बाई असावी. एक दिवस, एक खोली, दोन्ही बाजूंचे कागद टेबलावर. आधी प्रत्येक गटाने दुसऱ्या गटाचं म्हणणं त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखवायचं, मग स्वतःचं. करून पाहिल्याशिवाय कळत नाही हे किती जड जातं ते. वर्षाचा जमाखर्च, कापणीच्या सणाचा लिलाव धरून, चर्चच्या दाराशी फळ्यावर लावायचा, म्हणजे निम्मा संशय तिथेच विरतो. त्या तिघांचा सल्ला कायद्याने बंधनकारक नसेल, हे खरं. पण दोन्ही गटांचं जमलं तर हरकतच येत नाही, आणि हरकत नसलेल्या अर्जाची चौकशी वर्षानुवर्षं रेंगाळायचं मोठं कारणही उरत नाही.

एक गट बसायलाच तयार नसेल तर? असं होणारच. तेव्हा त्यांच्या नकाराची नोंद प्रोसिडिंग बुकात करावी, पण 'विरोधी गट गैरहजर' एवढीच नको. ते का आले नाहीत हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं, त्यासाठी कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावा लागला तरी चालेल. त्या कारणात खरं काही असू शकतं. ते वाचून झाल्याशिवाय दुसऱ्या गटाने वकिलाकडे जाऊ नये.